विचारून आत येण्याचा कायदा

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून साधारण 65 किलोमीटरवर असलेले चांदवड रेणुकामातेच्या मंदिरासाठी, होळकरांच्या रंगमहालासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. भाड्याच्या घरांचे गाव म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. पण 1928 साली स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम या संस्थेच्या महाविद्यालयांत बाहेरगावची मुले-मुली शिकायला येतात. तहसील, पंचायत समिती, बँका आणि न्यायालय म्हटले की बदलीवर आलेले कर्मचारी आलेच, आणि शिक्षकांना, ग्रामसेवकांना मुख्यालयी राहण्याचा आग्रह असतोच. यांतल्या अनेकांना खोली भाड्यानेच घ्यावी लागते. तालुक्याच्या गावातली अशी जागा बहुधा स्वतंत्र सदनिका नसते. खाली मालकाचे बिऱ्हाड आणि वर चढवलेल्या दोन-तीन खोल्या भाड्याने, जिना एकच, पाण्याची मोटार एकच, कधी विजेचे मीटरही एकच. गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवायला, वाळवण घालायला मालकाच्या घरातल्यांची वर ये-जा असते. त्या ओघात दार लोटून डोकावणे होते. मुलगी एकटी असताना 'नळ गळतोय का बघायला आलो' म्हणत आत येणे होते, आणि भाडेकरू सणाला गावी गेला की जवळच्या किल्लीने कुलूप उघडून एक चक्कर मारणेही होते. हे सगळे हळूहळू इतके अंगवळणी पडते की यात काही चुकते आहे असे मालकाला वाटत नाही, आणि भाडेकरूला खटकले तरी बोलून दाखवण्याचा धीर होत नाही. म्हणून एक गोष्ट ठामपणे मांडली पाहिजे. घराची पाहणी करण्याचा मालकाचा हक्क खरा आहे. पण आधी सांगून, वाजवी वेळी येणे ही त्या हक्काचीच अट आहे. ती अट पाळली नाही तर जे घडते त्याला पाहणी म्हणता येत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. मुंबई प्रांताचा 1947 चा, मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1946 चा (त्याखालच्या 1949 च्या आदेशासह) आणि हैदराबादचा 1954 चा, असे तीन जुने कायदे बाजूला सारून राज्यभरासाठी एकच चौकट करावी, हा त्यामागचा हेतू होता. भाडेवाढ, घर खाली करून घेण्याची कारणे आणि पागडी यांवर या कायद्याच्या अनुषंगाने खूप बोलले जाते. कलम 28 कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते जेमतेम एका वाक्याचे आहे. भाड्याने किंवा परवान्याने दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क राहील. मात्र ती वाजवी वेळी आणि भाडेकरूला, परवानाधारकाला किंवा तिथे राहणाऱ्याला आधी सूचना देऊन करावी, असा त्याचा आशय. वाक्य लहान असले तरी ते लिहिताना विचार केलेला दिसतो. हक्क मालकाचा, हे आधी स्पष्ट केले आहे. म्हणजे भाडेकरूने 'तुम्ही येऊच नका' म्हणायला जागा नाही. पण त्याच वाक्यात वेळ आणि पूर्वसूचना बांधून टाकल्या आहेत. सूचना कोणाला द्यायची, तर ज्याच्या नावावर करार आहे त्याच्यापुरतीच ही गोष्ट नाही. प्रत्यक्ष राहणाराही त्यात धरला आहे. करार वडिलांच्या नावावर आणि खोलीत राहते शिकणारी मुलगी, अशा ठिकाणी हा शब्द फार मोलाचा ठरतो. नाशिकला फोन करून वडिलांना कळवले आणि इकडे मुलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले, तर कलमाचा हेतू पुरा होत नाही.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. जिथे तो लागू नाही तिथेही मालकाला मोकळे रान मिळते असे मुळीच नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालक आणि भाडेकरू यांनी एकमेकांशी कसे वागायचे ते लिहून ठेवले आहे. भाडेकरू भाडे देतो आणि कराराच्या अटी पाळतो तोवर मुदतभर त्याने ती जागा विनाव्यत्यय वापरावी, अशी हमी मालकाने दिली आहे असे धरले जाते. त्याच कलमात पुढे भाडेकरूवरही जबाबदारी टाकली आहे. मालकाला आणि त्याच्या माणसांना त्याने सर्व वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू द्यावी, दोष दिसला तर तशी सूचना देऊ द्यावी, आणि दोष आपल्याच हातून झाला असेल तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो दुरुस्त करावा. म्हणजे दोष दिसला की काय करायचे, याचेही उत्तर सुमारे 145 वर्षांपूर्वीच ठरलेले आहे. सूचना द्यायची आणि दुरुस्तीला मुदत द्यायची. आरडाओरड करण्याची, सामान बाहेर काढण्याची किंवा कपाट उघडून पाहण्याची मुभा त्यात कुठेच नाही.

या दोन्ही कायद्यांत एक उणीव आहे आणि ती मान्य करायला हवी. 'वाजवी वेळ' म्हणजे कोणती आणि सूचना किती तास आधी द्यायची, तोंडी चालेल की लेखी लागेल, हे त्यांत सांगितलेले नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या मसुद्यात ही पोकळी भरून काढली आहे. आत येण्याच्या किमान 24 तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यायची, तीत कारण, दिवस आणि वेळ लिहायची, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर आत जायचे नाही. आग, पूर, भूकंप अशा संकटात मात्र सूचनेची अट नाही. हा मसुदा राज्याने आपला कायदा करून स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि महाराष्ट्रातले व्यवहार 1999 च्या कायद्यावरच चालतात. तरीही 'वाजवी' म्हणजे काय हा प्रश्न निघाला तर बोट ठेवायला हे एक माप आहे. इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्यात दुरुस्तीसाठी घराची स्थिती पाहायला येणाऱ्या मालकावर 24 तासांच्या लेखी सूचनेची अट आहे, कॅलिफोर्नियातही साधारणपणे 24 तासच पुरेसे मानतात. इतक्या वेगळ्या समाजांना तोच आकडा पटतो याचे कारण साधे असावे. एका दिवसात माणूस घर आवरू शकतो, धुणे काढून ठेवू शकतो, आपण घरी राहायचे की नाही ते ठरवू शकतो. आणि एका दिवसाने मालकाचेही काही अडत नाही.

आता सगळ्यात आधी येणाऱ्या आक्षेपाकडे वळू. 'घर माझ्या नावावर आहे, कर्ज मी फेडतो, घरपट्टी मी भरतो. माझ्याच घरात जायला मी परवानगी का मागायची?' हा प्रश्न प्रामाणिक असतो, आणि त्याचे उत्तर मालकी व ताबा यांतल्या फरकात आहे. सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा मालकीची नोंद दाखवतो. भाडे घेऊन किल्ली दिली की त्या जागेचा वापर ठरलेल्या मुदतीपुरता दुसऱ्याकडे जातो, आणि मालकाला जे भाडे मिळते ते नेमके याच गोष्टीचे मिळते. फौजदारी कायदाही अतिक्रमणाची व्याख्या करताना मालकी कोणाची हे विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या किंवा तिथल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या, त्रास देण्याच्या इराद्याने शिरणे हे फौजदारी अतिक्रमण. जागा राहती असेल तर ते गृह-अतिक्रमण होते आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम 441 ते 448 मध्ये होते. इथे इरादा हा कळीचा मुद्दा आहे. टाकी वाहते आहे म्हणून धावत वर आलेला मालक गुन्हेगार ठरत नाही, आणि तसा तो ठरूही नये. पण घर खाली करावे म्हणून रात्री-अपरात्री दार ठोठावून आत घुसणाऱ्याला 'घर माझेच आहे' हे वाक्य वाचवू शकत नाही.

या फरकाला आपल्या राज्यघटनेचाही आधार आहे. पोलिसांच्या नजरेखाली असलेल्या व्यक्तीच्या घरी रात्री जाऊन पाहणी करण्याची उत्तर प्रदेशातली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये खरक सिंग खटल्यात रद्द केली. खासगीपणाचा स्वतंत्र मूलभूत हक्क त्या वेळी बहुमताने मान्य झाला नव्हता, पण रात्री दारावर पडणारी थाप माणसाच्या व्यक्तिगत स्वातंत्र्यावरचा घाला आहे हे न्यायालयाने ओळखले. 2004 मध्ये हैदराबादचे जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. खासगीपणाचा हक्क जागेला चिकटलेला नसतो, तो माणसाचा असतो, असे त्या निकालात स्पष्ट केले आहे. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा अनुच्छेद 21 मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. यावर कायद्याचा जाणकार लगेच म्हणेल की मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात, आणि चांदवडचा घरमालक म्हणजे काही शासन नाही. बरोबर आहे. म्हणूनच भाडेकरूने मालकाविरुद्ध उभे राहताना आधी कलम 28, कलम 108 आणि आपला करार यांवर पाय रोवायचा असतो. पण कायद्यातल्या 'वाजवी' या मोकळ्या शब्दाचा अर्थ न्यायाधीशाला लावायचा असतो तेव्हा तो 2017 नंतर लावतो आहे की 1950 मध्ये, याने फरक पडतो. हक्क माणसाचा असेल तर तो भाड्याच्या खोलीत गेल्यावर कमी होत नाही. स्वतःचे घर असलेल्यांनाच खासगी आयुष्य, असा अर्थ घटनेतून काढणे अशक्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि व्यवहारात जास्त ऐकू येतो. 'हा भाडेकरार नाहीच, अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स आहे. यात ताबा माझ्याकडेच राहतो, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे.' परवाना आणि भाडेपट्टा यांत कायद्याने फरक केलेला आहे हे खरे. सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 52 मधली परवान्याची व्याख्या हेच सांगते, आणि नोंदवलेल्या करारांतही कायदेशीर ताबा मालकाकडे राहील असे वाक्य असते. पण या फरकाचा परिणाम प्रामुख्याने मुदत संपल्यावर दिसतो. परवान्याची मुदत संपली की 1999 च्या भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन मालकाला जागा लवकर परत मिळवता येते, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मुदत चालू असताना आत कसे यायचे, याबाबत मात्र विधिमंडळाने दोघांत भेद ठेवला नाही. कलम 28 मध्ये परवान्याने दिलेल्या जागेचा आणि परवानाधारकाचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. ताबा मालकाचाच आहे म्हणून तो केव्हाही येऊ शकतो, असे कायदेमंडळाला वाटले असते तर परवानाधारकाला आधी कळवण्याची अट घालण्याचे काही कारणच नव्हते.

पाहणी कशाची, हा प्रश्न यानंतर आपोआप येतो, आणि त्यावर जर्मनीतला एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथली एक घरमालकीण भाडेकरूशी आधी ठरवून नवे धूरसूचक यंत्र बसवले आहे का ते पाहायला आली. ते पाहून झाल्यावर ती थांबली नाही. भाडेकरू नको म्हणत असताना इतर खोल्यांची दारे उघडू लागली, एका खोलीत खिडकी उघडून तिथल्या कट्ट्यावरच्या वस्तू तिने बाजूला केल्या. बाहेर जा म्हटले तरी ती गेली नाही, तेव्हा भाडेकरूने तिला दोन्ही हातांनी उचलून घराबाहेर ठेवले. तिने करार संपवल्याची नोटीस दिली आणि प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेले. 4 जून 2014 च्या निकालात न्यायालयाने करार रद्द करायला नकार दिला. ठोस कारण नसताना ठरावीक काळाने घर तपासत राहण्याचा हक्क मालकाला नाही आणि करारात तसे छापील कलम घातले तरी ते टिकत नाही, हे त्यात ठरले. आपल्याकडचे कलम 28 कारण विचारत नाही, त्यामुळे हा निकाल इथे जसाच्या तसा लागू होणार नाही; आणि माणसाला उचलून बाहेर ठेवण्याचा सल्ला तर कोणी कोणाला देऊ नये. पण यातून दिसणारी हद्द आपल्याकडेही तितकीच खरी आहे. मालकिणीला यंत्र पाहण्यापुरता होकार मिळाला होता. खिडकीच्या कट्ट्यावरच्या वस्तूंना हात लागला तिथे तो संपला. तसेच स्लॅबला ओल आहे का, मोरीचा पाइप तुंबला आहे का, वायरिंगवर जास्तीचा भार टाकला आहे का, भिंत फोडली आहे का, ही घराची पाहणी झाली. फ्रिजमध्ये काय शिजवून ठेवले आहे, देव्हाऱ्यात कोणाची तसबीर आहे, टेबलावर कोणाचे पत्र आहे, रात्री कोण मुक्कामाला होते, यांतले काहीही इमारतीच्या स्थितीबद्दल सांगत नाही. मांसाहार, जात, धर्म आणि मित्र-मैत्रिणींची ये-जा यांवर नजर ठेवण्यासाठी जेव्हा गळक्या नळाचे निमित्त पुढे केले जाते, तेव्हा मालक आपल्याला कायद्याने दिलेला हक्क वापरत नसतो. त्या हक्काच्या नावाखाली दुसरेच काही करत असतो.

मालकाची बाजू हलकी नाही, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगितले पाहिजे. कायम स्वरूपाचे बांधकाम लेखी संमतीशिवाय केले, पोटभाडेकरू ठेवला, जागेची नासधूस केली किंवा बेकायदा कामासाठी ती वापरली, तर 1999 च्या कायद्याच्या कलम 16 खाली जागा परत मागता येते. पण यांतले काही घडले आहे हे आत पाहिल्याशिवाय कळणार कसे? आणि जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी कलम 14 ने मालकावरच टाकली आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्याला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा आहे. तेव्हा पाहणीला येणारा मालक भाडेकरूच्याही कामाचा असतो. पावसाळ्याआधी छत तपासून घेणारा मालक जितका चांगला, तितका वर्षानुवर्षे न फिरकणारा चांगला नाही. भाडेकरूने सूचना मिळूनही पुन्हा पुन्हा दार न उघडणे हा कायद्याचा भंगच आहे, आणि खासगीपणाच्या नावाखाली त्याला आश्रय मिळू नये. उलट पाहणीत दिसलेल्या प्रत्येक बदलाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. लाकडी पडदी, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, हवेसाठी खिडकी, जाळी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे या गोष्टी, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केल्या असतील, तर त्या कायम बांधकामात मोडत नाहीत, असे कलम 16 च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. ओटा बांधला म्हणून घर खाली करा, असे म्हणणाऱ्या मालकाने हे स्पष्टीकरण जरूर वाचावे.

'आधी कळवले तर भाडेकरू सगळे लपवून ठेवेल' हा आक्षेप ऐकायला वजनदार वाटतो. पण ज्या गोष्टी पाहण्याचा मालकाला खरोखर हक्क आहे त्या एका दिवसात लपत नाहीत. फोडलेली भिंत, ओल धरलेले छत, तुटलेली फरशी, पोटभाडेकरूचे आख्खे बिऱ्हाड हे 24 तासांत नाहीसे करता येत नाही. एका दिवसात जे आवरून ठेवता येते ते म्हणजे अंथरूण, औषधे, कपडे, कागदपत्रे. आणि त्यांच्याशी मालकाचा संबंध नाही. म्हणजे पूर्वसूचना नेमकी चाळणीचे काम करते: इमारतीचे ते उघड्यावर राहते, माणसाचे ते झाकले जाते. गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तर त्यासाठी पोलीस आहेत, आणि त्यांनाही झडतीचे नियम पाळावे लागतात. पोलिसांना जे विनाकायदा करता येत नाही ते घरमालकाला करता यावे, अशी अपेक्षा धरणे चमत्कारिक आहे.

लहान गावात या सगळ्यापेक्षा बिकट आक्षेप आपुलकीचा असतो. 'आमच्याकडे भाडेकरू घरच्यासारखाच असतो, नोटीस कसली पाठवायची?' सणाला पुरणपोळीचे ताट वर जाते, भाडेकरूच्या आजारपणात मालकीणबाई काढा करून आणतात, मुलींच्या आईवडिलांनी 'जरा लक्ष ठेवा' असे सांगितलेले असते. हा जिव्हाळा खरा असतो आणि शहरातल्या भाडेकरूला हेवा वाटावा असा असतो. त्याला धक्का लावण्याचे काहीच कारण नाही, कारण कलम 28 नोटीस वकिलाकडूनच पाठवा असे म्हणत नाही. 'उद्या सकाळी दहाला प्लंबरला घेऊन येतो, चालेल ना?' एवढा व्हॉट्सअॅपचा निरोप पुरतो. पण काका, मावशी म्हणून हाक मारली की नकाराचा अधिकार आपोआप विरघळतो असे समजले जाते, तिथे मोठी अडचण होते, आणि तिचा सगळा भार मुलींवर पडतो. आईवडिलांनी लक्ष ठेवायला सांगितले म्हणजे सज्ञान मुलीच्या खोलीत न विचारता जाण्याची मुभा दिली असा अर्थ होत नाही. आईवडिलांनाही तशी मुभा देता येणार नाही. मुलगी कपडे बदलत असताना दार लोटले गेले तर मालकाचा हेतू काय होता हे तिला नंतर कळून काय उपयोग? कायद्याने या बाबतीत स्त्रियांना वेगळे संरक्षण दिले आहे. खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे; पहिल्याच वेळी किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे. तिच्या विनयाला धक्का देण्याच्या इराद्याने तिच्या खासगीपणात शिरणे कलम 79 मध्ये येते. ही कलमे टोकाच्या प्रसंगांसाठी आहेत. तो प्रसंग येऊ नये याची सोपी वाट म्हणजे दारावर टकटक करून, उत्तराची वाट पाहून, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या बाईला सोबत घेऊन जाणे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने या प्रश्नात नवी भर घातली आहे. पाहणीला आलेला मालक खोलीभर व्हिडिओ घेतो, तो दलालाला जातो, दलालाच्या गटात फिरतो, आणि भाडेकरूचे सामान, पोरांची पुस्तके, दोरीवरचे कपडे अनोळखी लोकांच्या फोनवर पोहोचतात. ओल आलेल्या कोपऱ्याचा फोटो घेणे पाहणीचाच भाग आहे. पूर्ण घराचे चित्रण करून ते वाटणे हा तिचा भाग नाही, त्याला वेगळी संमती घ्यावी. नवा भाडेकरू किंवा गिऱ्हाईक घर बघायला आणणे हीसुद्धा वेगळी बाब आहे. कलम 28 मधला हक्क पाहणीचा आहे, तो दाखवण्यासाठी वापरायचा असेल तर करारात तसे लिहून घ्यावे. नाहीतर रोज संध्याकाळी तीन कुटुंबे स्वयंपाकघरात डोकावून जातात आणि भाडे मात्र पूर्ण भरावे लागते. जिन्यात किंवा फाटकाशी लावलेला सीसीटीव्ही सुरक्षेसाठी समजण्यासारखा आहे, पण तो भाडेकरूच्या दारातून आतले दृश्य टिपत असेल तर त्याची दिशा बदललीच पाहिजे. एकाच वास्तूत राहणाऱ्या सहमालकांच्या वादात 2025 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असे म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सहमालकालासुद्धा जे करता येत नाही, ते भाडे घेणाऱ्याला करता येईल असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

हे सगळे कागदावर ठीक आहे, पण तक्रार केली तर अकरा महिन्यांनी करार पुढे वाढवला जाणार नाही, अनामत अडकेल, गावात नाव खराब होईल. मग भाडेकरू बोलेल कशाला? हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो, कारण कलम 28 मोडल्यास अमुक शिक्षा असे त्या कलमात लिहिलेले नाही. तरी भाडेकरूच्या हातात काहीच नाही असेही नाही. तक्रारीचा राग धरून पाणी किंवा वीज तोडली तर कलम 29 खाली न्यायालय ती पूर्ववत करायला लावू शकते. मागे कुलूप बदलून बाहेर काढले तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. वारंवार घुसखोरी होत असेल तर दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो. पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असे उत्तर मिळण्याची शक्यता असते, म्हणून तारीख, वेळ आणि काय घडले याचे निरोप जपून ठेवावेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे, आणि बाहेरगावाहून शिकायला आलेल्या किती मुलींना हे ठाऊक असेल?

पण न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा करार करतानाच दोन ओळी जास्त लिहिणे फार सोपे आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, ही समजूत चुकीची आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते; म्हणजे नोंदणी टाळणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो. छापील करारात 'मालकास वाजवी वेळी जागेची पाहणी करता येईल' एवढेच वाक्य असते. त्याच्या पुढे असे लिहून घ्यावे: 'पाहणीपूर्वी किमान 24 तास आधी मोबाइल संदेशाने कारण व वेळ कळवण्यात येईल, पाहणी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत, राहणाऱ्या व्यक्तीच्या किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत होईल, आग, पाणीगळती, शॉर्टसर्किट अशा तातडीच्या प्रसंगी सूचनेची अट राहणार नाही, मात्र आत गेल्याचे त्याच दिवशी कळवण्यात येईल.' गच्चीची वाट भाडेकरूच्या खोलीवरून जात असेल तर टाकीसाठी वर जाण्याची वेळ त्यात नमूद करावी. मालकाकडे दुसरी किल्ली राहणार असेल तर तेही लिहावे, आणि ती बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या करून ठेवावी, म्हणजे ती वापरली गेली की दोघांनाही दिसेल.